कशापेक्षा हिरवं

बाबा, ‘ग्रीनर’ या शब्दाबद्दल तुमच्याशी एकदा नीट बोलायचं राहून गेलं. तेव्हा आपण त्यावरून भांडलो, मग त्याच्या मागे उन्हातान्हात राबलो, पण शांतपणे बसून बोललो असं कधी झालं नाही. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत एका तरुण मुलाने तो शब्द उच्चारला आणि मी बोलायला उभी राहिले. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. तुम्ही गेलात त्या वयाच्या जवळ मी आता आले आहे. घरात मराठी बोलायला फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहिताना मधेच अडखळते, एखादा शब्द शोधत बसते. तरी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते, कारण त्यातलं तुम्हाला काय आठवत असेल आणि मला काय, याचा काही नेम नाही.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. थंडीतला रविवार आहे, जमिनीवर कालचा पेपर पसरलेला आहे आणि तुम्ही मेथी निवडताय. हे काम तुम्ही कुणाला करू द्यायचा नाहीत, आणि पानं खुडताना शब्दांबद्दल बोलायचात. सरकारी कचेरीत इंग्रजी शब्दांना हिंदी प्रतिशब्द शोधण्याची तुमची नोकरी. पुण्याचा माणूस दिल्लीत येऊन हिंदी घडवतोय, याची आईला कायम गंमत वाटायची. तुमच्या विभागाचे शब्द जाडजूड पुस्तकांतून छापले जायचे आणि इतर कचेऱ्यांत सुतळी न सोडता तसेच पडून राहायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं. त्या वर्षी ‘उदारीकरण’ हा शब्द रोज पेपरात असायचा. तो तुम्ही मोठ्याने वाचून म्हणायचात, ‘बसलाय चांगला. आमच्याकडचा नसला तरी.’

मला नोकरी लागून काही महिने झाले होते. ग्रेटर कैलाशमधल्या एका तळघरात जाहिरातींचं छोटंसं ऑफिस होतं, तिथे मी इंग्रजी मजकूर लिहायची. गुडगावला तेव्हा नवे बिल्डर उभे राहत होते. शेतं विकत घेतली जात होती, नकाशांवर सेक्टर आखले जात होते आणि प्रत्येकाला चकचकीत कागदावरचं ब्रोशर हवं होतं. त्या रविवारी मी माझं पहिलं ब्रोशर घरी आणलं. वर कुठल्यातरी परदेशी हिरवळीचा फोटो आणि त्याखाली माझी ओळ, ‘अ ग्रीनर ॲड्रेस’. तुम्ही हात पुसलेत, चष्मा चढवलात, आणि ते तपासायला आलेल्या मसुद्यासारखं धरलंत.

‘कशापेक्षा?’ तुम्ही विचारलंत.

‘काय कशापेक्षा?’

‘ग्रीनर. कशापेक्षा ग्रीनर?’

‘दिल्लीपेक्षा. अर्थात.’

तुम्ही बसल्या जागेवरून हात लांब करून मागचं दार ढकललंत. बाहेर जांभळाचं झाड होतं, त्याच्या पलीकडे कडुनिंबांची रांग, आणि त्याही पलीकडे ब्लॉकच्या मधली बाग, जिथे सगळ्या राज्यांतल्या बायका स्वेटर विणत उन्हात बसलेल्या असायच्या. ‘ही दिल्ली,’ तुम्ही म्हणालात.

मला राग आला. ‘बाबा, ही जाहिरात आहे. तुमचा कोश नाही. लोकांना फील आला पाहिजे, बस.’

‘इंग्रजीत ही एक सोय आहे,’ तुम्ही पुन्हा मेथीकडे वळलात. ‘शेवटी ई-आर चिकटवलं की झालं. कशापेक्षा ते सांगायचं टाळता येतं. मराठीत टाळून दाखव. म्हण बघू.’

मी विचार करत होते तेवढ्यात आई गॅसपाशी उभी राहून म्हणाली, ‘अधिक हिरवट पत्ता,’ आणि स्वतःच हसत सुटली. आपल्या ब्लॉकमध्ये हिरवट म्हातारा कोण, हे प्रत्येक बाईला माहीत होतं. ‘म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा,’ ती म्हणाली, आणि तुम्हीही हसलात. मीही हसले असते, पण मी माझ्या ओळीसाठी अडून बसले होते.

‘मग तुमच्या ऑफिसात याला काय म्हणतील?’

‘हरिततर,’ तुम्ही गंभीरपणे म्हणालात. ‘आणि कुणी वापरणार नाही.’ मग माझ्याकडे न बघता, ‘शब्द वाईट नाही गं. तू तो फुकट वापरलायस, एवढंच.’

एवढंच तुम्ही बोललात. आवाज चढवला नाहीत. पण ‘फुकट’ हा शब्द मला लागला. संध्याकाळभर मी तुमच्याशी बोलले नाही. मैत्रिणीबरोबर सरोजिनी नगरला निघून गेले, नको असलेला एक स्कार्फ घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसातून आलात ते जोडे न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभे राहिलात. दिवसभर जाड कोश चाळून आला होतात, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ‘मी चुकत होतो,’ तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं, आता माफी मागणार. पण ते भलतंच निघालं. ‘माझी समजूत होती की ग्रीन आणि हरित एकाच घरातले. नाहीत. आपला हरित, ज्याच्यातून हिरवा आला, तो यलो आणि गोल्ड यांचा भाऊबंद. पिवळेपणाचं घराणं ते. ग्रीन वेगळाच. ग्रीन, ग्रो आणि ग्रास ही एका मुळाचे तीन अंकुर. म्हणजे ग्रीन हा मुळात रंग नाहीच. जे वाढतंय ते ग्रीन. रंग नंतर चिकटला त्याला. मग ग्रीनर म्हणजे काय?’

‘जे जास्त वाढतंय ते,’ मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं.

‘मग रविवारी जाऊन बघू या, तिथे काय वाढतंय ते.’

आपण गेलो. धौला कुआँला उभं राहून हरियाणाची बस पकडली. सीमा ओलांडल्यावर थंडगार वारा खिडकीतून आत यायला लागला, तसं तुम्ही मफलर कानांवर ओढून घेतलंत. उतरल्यावर विचारत विचारत, बांधांवरून बरंच चाललो. बिल्डरची पाटी सापडली, ‘अ ग्रीनर ॲड्रेस’ असं तिच्यावर लिहिलेलं, माझंच वाक्य, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत. आणि पाटीच्या मागे मोहरी. नजर जाईल तिथवर फुललेली, पिवळीधमक. तिच्या एका कडेला मात्र जमीन खरवडून ठेवलेली होती, आणि तिथे एक पिवळं यंत्र रविवार म्हणून उभं होतं.

‘हे बघ हरित,’ तुम्ही म्हणालात. मला वाटलं होतं तुम्ही टोमणा माराल, पण तुमचा आवाज अगदी खाली आला होता.

पाटीजवळच्या खाटेवर एक म्हातारा हुक्का ओढत बसला होता. जमीन त्याचीच होती, आता विकलेली. मागे त्याचं नवं पक्कं घर होतं, दारात नवी गाडी. त्याला कसलंही दुःख झालेलं दिसत नव्हतं. तुम्ही तुमच्या कचेरीतल्या हिंदीत त्याला विचारलंत, ‘अगले वर्ष यहाँ क्या बोया जाएगा?’ त्याने हुक्क्याची नळी बाजूला केली. मग म्हणाला, ‘मन्ने तो बेच दी, बाबूजी. इब जो बोओगे, थम बोओगे.’ आता जे पेराल ते तुम्हीच, असं त्याच्या बोलीत.

परतताना धौला कुआँला उतरल्यावर, आपल्या बसची वाट बघताना विचारलंत, ‘ते ब्रोशर छापून वाटून झालंय?’ मी हो म्हटलं. ‘म्हणजे आता मागे घेता येत नाही.’ मी नाही म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, जशी एखादा कठीण प्रतिशब्द मंजूर करताना हलवत असाल. ‘मग एकच उरलं. तो शब्द खरा करायचा.’

मला वाटलं, हे नुसतं बोलणं आहे. पण त्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात. क्वार्टर सोडावं लागलं आणि आपण मुनिरकाच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. खाली विद्यार्थ्यांची मेस, वर आपण. आईला पुण्याला परत जायचं होतं. तिची बहीण तिथे होती, हवा बरी होती, भाजीवाल्याशी मराठीत बोलता आलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘थोडं थांब. मला एक काम आहे.’ ‘निवृत्त माणसाला कसलं काम?’ तिने विचारलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. ‘हिने एक शब्द लिहून ठेवलाय.’

मग मला माझ्या ऑफिसातल्या साहेबांशी बोलावं लागलं आणि साहेबांनी हात झटकले म्हणून थेट बिल्डरशी. त्याच्या ऑफिसात मोठं टेबल होतं, काचेखाली देवांचे फोटो. मी म्हटलं, पाटीवर ग्रीनर लिहिलंय आणि तिथे एक झाड नाही. रविवारी गिऱ्हाईकं जागा बघायला येतात, त्यांना काय दिसतं? तो हसला. ‘बेटी, पेड़ तो लगेंगे. पज़ेशन के टाइम.’

‘ताबा देईपर्यंत झाडं मोठी व्हायला हवीत,’ मी हिंदीत म्हटलं. ‘आज लावली तर होतील. तुम्ही फक्त कडेची पट्टी द्या. लावणारा माणूस मी देते.’

‘कौन?’

‘मेरे पिताजी.’

तो पुन्हा हसला, पण त्याने सुपरवायझरला हाक मारून उत्तरेकडच्या भिंतीलगतची पट्टी दाखवायला सांगितलं. त्याला त्यात काही तोटा नव्हता. 

त्या पावसाळ्यात सरकारी नर्सरीतून आपण रोपं आणली. कडुनिंब, अर्जुन, जांभूळ, आणि इथले लोक ज्याला अमलतास म्हणतात तो बहावा. तुम्ही आयुष्यात कधी कुदळ धरली नव्हती. पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले आणि आईने हळद लावून फडकी बांधली. ती दर वेळी ‘खूळ’ म्हणायची आणि दर वेळी डबा भरून द्यायची. प्रत्येक रोपाभोवती पाणी धरून ठेवायला मातीचं गोल आळं तुम्ही हाताने थापायचात. हा ‘आळं’ शब्द मला परवा लिहिताना आठवेना. सकाळ गेली त्यात. शेवटी मावशीच्या मुलीला पुण्याला फोन करून विचारला. ती म्हणाली, ‘अगं, तिथे दिल्लीत कशाला हवाय तुला आळं?’

तुम्ही एक दिवसाआड जायचात. मुनिरकाहून एक बस, मग धौला कुआँहून दुसरी, मग चालत. मी सुट्टीच्या दिवशी यायचे. साइटवर नवे मजूर आले होते, बुंदेलखंडातले, आयुष्यात पहिल्यांदा शहर बघणारे. तुम्ही मला म्हणालात, ‘तुला माहीत आहे, इंग्रजांच्या बोलीत ग्रीनर म्हणजे काय? नुकताच कामावर आलेला परका मजूर. नवखा. म्हणजे तुझी पाटी तशीही खोटी नाही. बघ किती ग्रीनर आहेत इथे.’ मग स्वतःच्या फडकी बांधलेल्या हातांकडे बघून म्हणालात, ‘मी धरून.’ असे विनोद तुम्ही फक्त स्वतःला करायचात आणि मी चुकून ऐकायची.

मजुरांना तुमची हिंदी फार गमतीची वाटायची. स्लॅबवर पाणी मारणारी एक बाई होती, अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. तिला तुम्ही म्हणालात, ‘बहन जी, कृपया जल का प्रवाह तनिक इधर भी मोड़ दीजिए.’ ती पाइप हातात धरून बघत राहिली. ‘मास्टरजी, हमसे बोल रहे हो कि पेड़ से?’ सगळे हसले. पण तिने पाइप वळवला, आणि त्यानंतर काम सुटायच्या वेळी रोज वळवायची. तुम्ही त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलंत, ‘आज पहिल्यांदा माझ्या हिंदीचा कुणाला तरी उपयोग झाला.’

मग उन्हाळा आला. लूचा भाजणारा वारा सुटला. पाण्याचे टँकर कमी पडायला लागले आणि सुपरवायझरने फर्मान काढलं की पाणी फक्त बांधकामाला. पाइप बंद. दोन फेऱ्यांत रोपांची पानं कागदासारखी झाली. तुम्ही त्याच्याशी बोललात, त्याने ऐकलं नाही. पुढच्या दिवशी तुम्ही छत्री, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन गेलात आणि त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, त्याच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलात. मी सुट्टी घेऊन तुमच्याबरोबर आले होते, कारण आईला तुमची काळजी वाटत होती. तुम्ही भांडला नाहीत, हात जोडले नाहीत. तो म्हणाला, ‘अंकलजी, बैठने से क्या होगा?’ तुम्ही म्हणालात, ‘कुछ नहीं. आप अपना कार्य कीजिए.’ तो बाहेर गेला, आला, जेवला. तुम्हीही डबा उघडून जेवलात, त्याला चटणी दिलीत. पत्रा तापत होता. मी कानात म्हटलं, ‘बाबा, चला, चक्कर येईल.’ तुम्ही मराठीत, त्याला कळू नये म्हणून हळू आवाजात म्हणालात, ‘सरकारी नोकरीत मी दुसरं काय शिकलो? बसायला शिकलो. तू जा हवं तर.’

मी गेले नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा त्याने कपाळावरचा घाम पुसला, बाहेर जाऊन कुणाला तरी ओरडला, आणि थोड्या वेळाने भिंतीकडे पाइप सुटल्याचा आवाज आला. तुम्ही उठलात, त्याला ‘धन्यवाद’ म्हणालात आणि बाहेर पडून माझ्या खांद्याला धरलंत. तेव्हा कळलं की तुम्हाला उभं राहवत नव्हतं. पण चेहरा असा होता की क्वचितच पाहिला असेल. बढतीच्या दिवशीसुद्धा नव्हता तसा.

त्या ऑक्टोबरात तुम्ही गेलात. सकाळी दाढी करताना. आरशासमोर अर्धा गाल साबणाचा, आणि आई म्हणत होती, ‘अहो, चहा निवतोय.’ खालच्या मेसमधली मुलं धावत वर आली, त्यांनीच तुम्हाला उचलून टॅक्सीत ठेवलं. उपयोग झाला नाही. तुमचे दिवस होईपर्यंत पुण्याहून मावशी आणि काका येऊन राहिले, आईला घेऊन जायचं ठरवत होते. सगळं बोलणं ऐकून घेऊन आई एका सकाळी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, ‘तिकडे कोण जातंय?’

‘कुठे?’

‘झाडांना पाणी घालायला. इतके दिवस झाले.’

ती कधी साइटवर आली नव्हती. तिचा डबा मात्र एक दिवसाआड तिथे जात होता. मी त्याच दिवशी गेले. आळी कोरडी पडून भेगाळली होती. पाइप ओढताना साडीला चिखल लागला. पाणी मारणारी ती बाई लांबून बघत होती. जवळ येऊन ‘मास्टरजी?’ एवढंच म्हणाली. मी सांगितलं. तिने माझ्या हातातून पाइप घेतला आणि राहिलेल्या रोपांना तिने पाणी घातलं.

आई पुण्याला गेली नाही. पुढे मी लग्न केलं, त्या पाटीमागे उभ्या राहिलेल्या याच सोसायटीत फ्लॅट घेतला, आई शेवटपर्यंत आमच्याजवळ राहिली आणि संध्याकाळी त्या भिंतीलगत खुर्ची टाकून बसायची. जाहिरातींची नोकरी मी सोडली नाही, तुम्हाला तसं वाटलं असेल तर. पण एक नियम केला. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. साहेब वैतागायचे. दोन-तीन गिऱ्हाईकं त्यापायी गेली. मी उन्हातून सेक्टर तुडवत राहिले आणि जिथे झाड नव्हतं तिथे झाडाबद्दल लिहिलं नाही. त्यांनी मला काढलं नाही, मीही ऐकलं नाही, असं बरीच वर्षं चाललं.

एवढ्या काळात ‘ग्रीनर’चं काय झालं ते मात्र तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही त्याला रंगाच्या मागे, थेट वाढण्यापर्यंत नेऊन ठेवलं होतंत. तो तिथून पुढे निघाला. आता ग्रीनर म्हणजे कमी वीज खाणारे दिवे, ऊन अडवणारी काच, पुन्हा वापरलेलं पाणी. पानाचा संबंध असायलाच हवा असं नाही. काचेच्या बंद इमारतीला ग्रीनर असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. मी हे वाईट म्हणून सांगत नाही. शब्द चालतो, थांबत नाही, हे तुम्हीच म्हणायचात. तुम्ही नवा अर्थ खुशीने टिपून घेतला असतात.

तर मागच्या रविवारची सभा. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी तरुण आहे, आयटीत आहे, सभ्य मुलगा आहे, मला जिन्यात भेटला तर हातातली पिशवी घेतो. त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. उत्तरेकडच्या भिंतीलगतची झाडं काढून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंगची जागा करायची. ‘आंटी लोगों को थोड़ा इमोशनल लगेगा,’ तो म्हणाला, ‘बट ओव्हरऑल सोसायटी ग्रीनर होगी.’

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत सभेत मी फारशी बोललेली नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. भांडायचं नाही हे घरूनच ठरवलं होतं. मी हिंदीत सांगितलं की गाड्यांसाठी जागा हवीच आहे, मलाही हवी आहे. पण ट्रान्सफॉर्मरच्या मागे जी मोकळी जागा आहे, जिथे आत्ता तुटलेली कपाटं पडली आहेत, ती मी शनिवारी आपल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन पाहून आले. तिथे केबल कमी लागेल. त्याला उभं करून विचारा. इलेक्ट्रिशियन मागे उभा होता, त्याने होकार दिला. सेक्रेटरी म्हणाला, ‘मगर आंटी, वहाँ से लिफ्ट दूर पड़ेगी.’ मी म्हटलं, ‘थोडी दूर पडेल. चालू या. पण ती झाडं माझ्या वडिलांनी लावली आहेत, आणि ती काढायची असतील तर तुम्हाला दर सभेत आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. मी दर सभेला येणार आहे.’

 मागून एक सरदारजी, इथे माझ्याइतकेच जुने, म्हणाले, ‘बुज़ुर्गों के लगाए हुए पेड़ हैं, बेटा. छोड़ो.’ हात वर झाले. झाडं राहिली. सेक्रेटरी नंतर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘आंटी, आपने पहले कभी बताया नहीं कि ये अंकलजी ने लगाए थे.’ मी म्हटलं, कुणी विचारलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे त्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही गेल्यानंतरचा उन्हाळा फार कडक गेला. मजुरांची टोळी दुसऱ्या साइटवर हलली, ती बाईही गेली. मी नोकरी सांभाळून जमेल तेव्हा जायचे आणि ते पुरलं नाही. एका मागोमाग एक सगळी वाळली. पंपाजवळचा अर्जुन तेवढा वाचला. तुम्ही त्याला आधारासाठी बांधलेली तार सोडायची मी विसरले होते, तिची खूण अजून त्याच्या बुंध्यात रुतलेली दिसते, म्हणून तो तुमचा हे नक्की सांगता येतं. बाकीची मी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आणली, त्याच नर्सरीतून, आणि तुम्ही खणलेल्या खड्ड्यांत लावली. त्यातलीही जी गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी लावली. सभेत मी म्हटलं, माझ्या वडिलांनी लावली आहेत. पुन्हा कुणी विचारलं, तरी तेच सांगणार आहे.